लंगडीसाठी लावलेलं वजन

माझ्या घरात कुठलीही वस्तू आली की ती आधी माझ्या नजरेखालून जाते. दूध आलं की मी भांड्यात डोकावते, पीठ आलं की मूठभर घेऊन उजेडात बघते, औषधाच्या बाटलीचं बूच मी स्वतः हुंगते. लेक लहानपणापासून मला हसते. "आई, तू पोलिसात असायला हवी होतीस," म्हणते. पोलिसात नव्हते मी. मी पडदे शिवायचे. बत्तीस वर्षं शिवले. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, मोठमोठ्या सभागृहांचे. कापड पुढून कितीही झुळझुळीत दिसू दे, उलटं करून शिवण बघितल्याशिवाय मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

जावई आला तेव्हा त्याचीही उलटी बाजू मी बघायला घेतली. चार वर्षं बघत होते, काही सापडत नव्हतं. म्हणून तर जास्त संशय!

तो लिफ्ट दुरुस्त करतो. लग्नानंतर दोघं माझ्याकडेच राहिले, कारण लेकीचे वडील गेल्यावर घर मला एकटीला खायला उठायचं. 'घरजावई' हा शब्द मी त्याच्या तोंडावर कधी काढला नाही. पाठीमागे काढला असेल, ते सोडा. माणूस कमी बोलतो, हे त्याचं पहिलं दुखणं. काहीही विचारा, "बघतो" म्हणणार. अहो, काय बघतो? कधी बघतो? आणि दुसरं दुखणं म्हणजे भंगार. बंद पडलेल्या लिफ्टचा पत्रा, तारा, चाकं, नटबोल्ट, सगळं घरी येतं आणि त्याचं काहीतरी होतं. कपडे वाळत घालायला त्यानं छताला एक कप्पी लावली होती. तिसऱ्या दिवशी ओल्या चादरींसकट ती माझ्या डोक्यावर आली. तेव्हाही तो म्हणाला, "बघतो."

तर हा गृहस्थ एका रविवारी मागच्या अंगणात पत्र्याची एक हिरवी पेटी घेऊन उभा.

"हे काय आणि?" मी विचारलं.

"कोंबड्यांच्या दाण्याची पेटी, आई. उंदीर नि चिमण्या अर्धा दाणा खातात ना? यातून फक्त कोंबड्यांनाच मिळेल."

उंदरांचं खरं होतं. माझ्या पाच कोंबड्या. कारभारीण, तांबडी, पांढरी, भोचक आणि लंगडी. कारभारणीचा रुबाब नावाप्रमाणेच. भोचक दार उघडं दिसलं की थेट स्वयंपाकघरात. लंगडी पिल्लू असताना दारात सापडून तिचा पाय गेला, तेव्हापासून ती अंगानं निम्मीच राहिली. तिला मी कापसात ठेवून वाढवली होती. माझा जीव होता तिच्यावर, कबूल करते.

पेटीचं काम त्यानं मला समजावलं. समोर एक फळी. कोंबडी फळीवर चढली की तिच्या वजनानं फळी खाली जाते, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाचं झाकण वर उघडतं. कोंबडी उतरली की झाकण बंद. लिफ्टमध्ये असतं तसंच, म्हणाला, एका बाजूला माणसं, एका बाजूला वजन. दांडीला त्यानं एक लोखंडी नट लावला होता, म्हणे वजन मोजून.

मी पेटीच्या सगळ्या कडांवरून बोट फिरवलं. कडा दुमडलेल्या होत्या, बोट कापलं नाही. झाकण खाली येताना मान अडकेल का ते बघायला स्वतःचं मनगट घातलं. लागलं नाही. रंग नखानं खरवडला. निघाला नाही. तरी मी म्हणाले, "काही झालं ना माझ्या कोंबड्यांना, तर बघा हं जावईबापू."

"हो," म्हणाला.

चार कोंबड्या आठवड्यात शिकल्या. लंगडी मात्र चढायची, उभी राहायची, आणि फळी हलायचीच नाही. तिच्यात वजनच कुठे? बिचारी झाकणावर चोच आपटायची आणि बाकीच्यांच्या पायाखाली सांडलेलं वेचायची. मी जावयाला म्हटलं, वजन वाढवा जरा.

"नको आई. मोजून लावलंय. फळीकडचं वजन वाढवलं तर उंदीर चढला तरी झाकण उघडेल. शिकेल ती."

शिकेल ती! उपाशी राहून कोण शिकतं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो कामावर गेल्यावर मी शिवणाचा जुना डबा काढला. पडद्याच्या खालच्या कडेत घालायच्या जड गोळ्या त्यात पडून होत्या. पडदा सरळ लोंबावा, वाऱ्यानं उगाच फडफडू नये म्हणून आम्ही त्या घालतो. एका सभागृहाचे मरून मखमली पडदे शिवले होते, त्याचा तुकडाही होता. मी पुरचुंडी शिवली, गोळ्या भरल्या, तोंड बंद केलं आणि फळीच्या खालच्या बाजूला दिसणार नाही अशी बांधून टाकली. लंगडी चढली. फळी खाली. झाकण वर. तिनं मान आत घातली आणि असं खाल्लंय म्हणता!

दुसऱ्या दिवशी जावयानं तिला खाताना पाहिलं. "बघा," म्हणाला, "शिकली की."

"हो ना," मी म्हटलं. "हुशार आहे." मला हसू आवरेना, म्हणून मी आत गेले.

हे झालं लेकीला तिसरा महिना संपत आला तेव्हा. तिचं रक्त कमी होतं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि अंडी, दूध, पालेभाज्या खा म्हणून सांगितलं. अंडी तर घरचीच. रोज सकाळी दोन उकडलेली, मी समोर बसून खाऊ घालायचे. बाजारातल्या अंड्यांचा काय भरवसा, कुठल्या कोंबडीची, तिनं काय खाल्लेलं! माझ्या कोंबड्यांचा दाणा मी निवडून घालते. लेक नाक मुरडायची, पण खायची.

अडीच महिने सुखात गेले. मग पांढरी कोपऱ्यात बसून राहायला लागली.

आधी वाटलं, ऊन लागलं असेल. मग तिचे पंख गळले, तुरा फिका पडला, हिरवीगार शी करायला लागली. चालताना पाय लटपटायचे. पाचव्या दिवशी सकाळी मेलेली सापडली. मी तिला हातात घेतलं तर काय, नुसती पिसं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच्या पाठोपाठ डोक्यात एकच नाव आलं. नर्सबाई.

नर्सबाई म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. तिची ड्यूटी रात्रीची, त्यामुळे ती दिवसा झोपते. आणि कोंबडी अंडं घातल्यावर गाव गोळा केल्यासारखी ओरडते, त्याला मी काय करू? मागच्या वर्षी तिनं भिंतीवरून डोकं काढून म्हटलं होतं, "काकू, एक दिवस झोपेची गोळी एकतर मी खाईन, नाहीतर यांना घालीन." हसत म्हटलं होतं, पण म्हटलं होतं ना? माझ्या लक्षात होतं. दवाखान्यात काम, औषधांचं कपाट हाताशी. मी दोन दिवस डोळ्यांत तेल घालून भिंतीवर नजर ठेवली. मग मात्र राहवेना, सरळ जाऊन तिचं दार वाजवलं.

केस विस्कटलेले, डोळे लाल, अशी ती बाहेर आली. मी म्हटलं, "माझी पांढरी मेली."

"अरेरे."

"अरेरे काय? काय घातलंत तिला?"

ती दाराला टेकली. "काकू, आठ तास उभी राहून आलेय. तुमच्या कोंबडीला मारायचं म्हटलं तरी उठायला त्राण हवं हो." मला वाटलं आता भांडेल, पण तिनं विचारलं, "झालं काय होतं?"

मी सांगितलं. ती ऐकत राहिली. म्हणाली, "पेशंटला असं झालं असतं तर मी आधी विचारलं असतं, काय खाल्लं. मग विचारलं असतं, कशात खाल्लं. ती हिरवी पेटी बघा एकदा."

भांडायला गेले होते, परत आले ती पेटी डोक्यात घेऊन. खरंच की! सगळ्या कोंबड्या एकाच जागी खातात, आणि ती जागा कुणी बनवली? मला आधीच कसं सुचलं नाही? त्या दिवसापासून नर्सबाई माझ्या संशयाच्या यादीतून उतरल्या आणि त्यांच्या जागी जावई चढला. तसा तो कधी खाली उतरलाच नव्हता म्हणा.

पुढच्याच आठवड्यात कारभारीणही आजारी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचं आधण ठेवलं होतं, तर खिडकीतून दिसलं, जावई अंगणात पेटीसमोर पालथा पडलाय. मोबाइलचा उजेड फळीखाली मारून बघतोय. मग त्यानं हात आत घातला, काहीतरी तोडून काढलं आणि तळहातावर धरून कितीतरी वेळ बघत बसला. आणि मग, हे महत्त्वाचं, त्यानं मान वळवून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. मी झटकन माझ्याच हातच्या पडद्यामागे झाले. पुन्हा डोकावले तोवर ती वस्तू त्याच्या खिशात गेली होती.

चोर! दुसरा शब्द आला नाही मनात. पेटीत काहीतरी घोळ निघाला, आणि कुणाला दिसायच्या आत हा लपवतोय.

चहा पिताना तो म्हणाला, "आई, आजपासून अंडी कुणी खायची नाहीत."

"का?"

"कोंबड्या आजारी आहेत."

"काय झालंय त्यांना?"

"नक्की माहीत नाही अजून. बघतो."

त्यानं कारभारणीला खोक्यात घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. पेटीही अंगणातून उचलून सायकलच्या मागे बांधून नेली. संध्याकाळी रिकाम्या हातानं आला. कोंबडी डॉक्टरकडे ठेवलीय, म्हणाला. ठेवलीय की विकलीय की कुणाच्या ताटात गेलीय, देव जाणे. आणि रोज संध्याकाळी खुराड्यातली सगळी अंडी गोळा करून कागदात गुंडाळून घेऊन जायला लागला. टाकून देतो, म्हणे. भल्या माणसा, इतकी चांगली अंडी कोण टाकतं? माझी खात्री पटली की हा ती कुणाला तरी देतोय. माझ्या सहा महिन्यांच्या गरोदर लेकीच्या तोंडचा घास काढून!

मग मीही माझं चालू केलं. तो कामावर गेला की खुराड्यातनं दोन अंडी काढायची, एखादं तसंच ठेवायचं, म्हणजे संध्याकाळी त्याला कळायचं नाही. अकरा वाजता उकडायची आणि लेकीपुढे ठेवायची.

"आई, हे नको म्हणालेत ना?"

"ते काय डॉक्टर आहेत? रक्त तुझं कमी आहे, त्यांचं नाही. खा."

"पण कोंबड्या..."

"तांबडी नि भोचक बघ कशा टुणटुणीत आहेत. त्यांचीच आहेत ही. खा म्हणते ना!"

ती खायची. मी शेवटचा घास जाईपर्यंत हलायचे नाही. टरफलं भाजीच्या देठांखाली दडवायचे. असं सहा दिवस.

सहाव्या दिवशी संध्याकाळी तो लवकर आला. हातपाय न धुता आमच्या दोघींसमोर बसला. म्हणाला, "कारभारीण गेली. डॉक्टरांनी तिला उघडून पाहिलं. तिच्या पोटात विष होतं. पेटीच्या रंगातलं. जुना पत्रा होता, मी विचार केला नाही. कोंबड्या त्यावर चोच मारत राहिल्या. ते विष अंड्यातही उतरतं." मग लेकीकडे बघून म्हणाला, "तुझं रक्त उद्या तपासायला द्यायचं. डॉक्टरीणबाईंशी मी बोललोय. माझं चुकलं."

लेकीचा हात पोटावर गेला. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या सहा दिवसांची गोष्ट तिला ठाऊक, मला ठाऊक.  आणि मी काय केलं सांगू? मी त्याच्यावर तुटून पडले. भंगार आणू नका म्हणून किती वेळा सांगितलं, पोटच्या पोराचा तरी विचार केला का, चार वर्षं या घरात नुसता पसारा. तोंडाला येईल ते बोलले. जितकी आतून घाबरले होते तितकी मोठ्यानं बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. लेक उठून आत गेली.

रक्त दिलं. रिपोर्टला दोन दिवस लागणार होते. ते दोन दिवस माझं मन एकाच गोष्टीभोवती फिरत होतं. रंगात विष होतं, मान्य. मग त्यानं फळीखालून काढलं काय? रंग काही खिशात घालता येत नाही. माणूस अर्धी चूक कबूल करतो ती अर्धी लपवायला, असंच मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तो लेकीला घेऊन, ती दुपारची काम करते त्या दुकानात, तिच्या रजेचा अर्ज द्यायला गेला आणि हत्यारांची पिशवी घरीच राहिली. मी दाराला कडी घातली, पिशवी ओट्यावर उपडी केली.

पाने, पक्कड, टेस्टर, ग्रीसचा डबा, चिकटपट्टी. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत काहीतरी गुंडाळलेलं. मी सोडलं.

मरून मखमलीची पुरचुंडी होती. खालून फाटलेली, धागे निघालेले. मी ती उलटी केली. सवयच ती. मी डावखुरी आहे, माझे टाके उलट्या बाजूला झुकतात. बत्तीस वर्षांत माझ्यासारखा टाका घालणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही. शेवटी तीन गाठी, एकावर एक. हलवली तर आत चार-पाच गोळ्या वाजल्या. मी मूठभर भरल्या होत्या.

सोबत जनावरांच्या डॉक्टरचा कागद होता. चष्मा लावून मी तो तीनदा वाचला. पोटात शिशाच्या गोळ्या, अकरा, झिजलेल्या. शिशाची विषबाधा. खाली आणखी एक ओळ होती, पेटीच्या रंगात शिसं आढळलं नाही.

शिशाच्याच होत्या त्या. आम्ही त्यांना नुसतं 'गोळ्या' म्हणायचो. कोंबडीला दात नसतात, ती खडे गिळते आणि पोटात त्यांच्यावर दाणे दळते, हे मला माझ्या आईनं शिकवलेलं. फळीखाली कापड घासून फाटलं, गोळ्या खाली सांडलेल्या दाण्यात पडल्या, आणि माझ्या कोंबड्यांनी त्या खडे समजून गिळल्या.  पेटीची प्रत्येक कड मी तपासली होती, रंग खरवडला होता, मनगट घालून पाहिलं होतं. फक्त मी स्वतः जे बांधलं ते तपासलं नव्हतं. ते कशाला तपासायचं? ते तर माझ्या हातचं होतं.

संध्याकाळी लेक आडवी झाली. तो मागच्या नळावर हात धुवायला आला. मी पायरीवर बसले होते, मांडीवर पुरचुंडी. त्यानं पाहिली.

"तुमची पिशवी उघडली मी," म्हणाले.

"हं."

"मला का नाही सांगितलंत?"

तो साबण लावत राहिला. "सांगून काय झालं असतं? तुम्ही जेवण सोडलं असतं. ती रडली असती. तिला टेन्शन नको म्हटलंय डॉक्टरांनी." मग म्हणाला, "आणि मला सवय आहे, आई. या घरात पंखा बंद पडला तरी माझंच नाव निघतं. त्यात आणखी एक."

टोमणा असता तर मी परतवला असता. तो टोमणा नव्हता. मला रडू आलं, आणि रडतारडताच मी म्हणाले, "आणखी एक आहे. तुम्ही अंडी बंद केलीत, त्यानंतरही मी देत होते तिला. लपवून."

त्याचे हात थांबले. नळ चालूच राहिला.

"मी नको म्हटल्यावर?"

"हो."

"किती दिवस?"

"सहा. रोज दोन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा असं पाहिलं. ती नजर मी ओळखली, कारण ती माझीच होती. अशीच मी त्याच्याकडे बघत आले होते, तो दूध घेऊन आला, फळं घेऊन आला, पेटी घेऊन आला तेव्हा. मला वाटलं, आता हा बोलेल. बोलावं असंच वाटत होतं. त्यानं नळ बंद केला, म्हणाला, "उद्या रिपोर्ट आहे," आणि आत गेला.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तीनच खुर्च्या होत्या. लेक मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. बाईंनी कागद उलगडला. म्हणाल्या, "शिशाचं प्रमाण वाढलेलं आहे. फार नाही. पण अशा दिवसांत इतकंही नको. पोटातल्या बाळापर्यंत जातं ते. कुठून आलं ते नक्की कळलं का?"

"मी एक पेटी बनवली होती," जावयानं सुरुवात केली. "तिच्या रंगातून..."

"पेटीत काही नव्हतं," मी म्हणाले.  "पेटी चांगली होती. शिसं मी बांधलं. पडद्याच्या गोळ्या होत्या माझ्या. ह्यांनी वजनाला हात लावू नका म्हटलं होतं, मी लावला. ह्यांनी अंडी बंद केली, मी चोरून घातली."

 बाईंनी पेन उचललं. "शेवटचं अंडं कधी खाल्लं?"

"तीन दिवसांपूर्वी," मी म्हणाले. "अकरा वाजता."

त्यांनी लिहून घेतलं. लेक सावकाश माझ्याकडे वळली. "आई, रंगाचं नव्हतं?"

"नव्हतं गं."

"मी म्हटलं होतं तुला, हे नको म्हणालेत." ती ओरडली नाही. "तू म्हणालीस, खा."

"हो."

"मी खाल्लं. तू म्हणालीस म्हणून."

बाईंनी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या वाढवून दिल्या. आता विष पोटात जाणं थांबलंय, हे सगळ्यात चांगलं झालं, म्हणाल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त. बाळाची वाढ बघत राहायची. मी विचारलं, बाळाला काही होणार नाही ना? त्या म्हणाल्या, "आज तरी वाढ नीट दिसतेय. पुढचं मी आज सांगू शकत नाही." खोटं बोलल्या असत्या तर मी पाया पडले असते त्यांच्या.

आम्ही घरी निघालो. लेकीनं जावयाचा हात धरला होता. मी दोन पावलं मागे चालत होते.

उरलेल्या तीन कोंबड्यांवर जनावरांच्या डॉक्टरचे उपचार चालू आहेत. तांबडी बरी आहे, भोचक बरी आहे. लंगडी जगेल की नाही सांगता येत नाही, म्हणाले. ज्या फळीवर ती उभी राहायची, तिच्याखाली गोळ्या सांडत होत्या. नर्सबाई परवा भिंतीवरून विचारत होत्या, कळलं का काही? मी म्हटलं, "कळलं. माझंच होतं." त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. शहाण्या आहेत.

रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवलं. पेला तीनदा विसळला, स्वच्छ फडक्यानं पुसला, खिडकीशी धरून आत बघितला. दूध ओतलं, साखर घातली, लेकीला नेऊन दिलं. ती पलंगावर बसली होती. तिनं पेला घेतला, पण ओठाला लावला नाही. उठली, खिडकीपाशी गेली, एका हातानं पडदा बाजूला केला आणि पेला उजेडात तिरका धरून आत डोकावली. नाकाजवळ नेऊन हुंगलं. मग एक घोट घेतला, थांबली, आणि उरलेलं प्यायली.

मी पेला घ्यायला हात पुढे केला. तिनं दिला नाही. आत गेली आणि स्वतः धुऊन पालथा घातला.